वेळापत्रकाबाहेरचे साने गुरुजी

साने गुरुजींनी शाळेत शिक्षक म्हणून किती वर्षे नोकरी केली असेल, असा प्रश्न मी मध्यंतरी वसतिगृहातल्या पाचसहा मित्रांना विचारून पाहिला. कोणी पंचवीस वर्षे म्हणाला, कोणी तीस. एकाने तर ते अखेरच्या श्वासापर्यंत शिक्षकच होते, असे छातीठोकपणे सांगितले. वस्तुस्थिती अशी आहे की, जून १९२४ मध्ये ते अमळनेरच्या हायस्कुलात रुजू झाले आणि एप्रिल १९३० च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे पुरती सहा वर्षेही नाहीत! पुढची वीस वर्षे त्यांनी तुरुंगात, सभांमध्ये, प्रवासात आणि लेखनात घालविली. तरीही महाराष्ट्र त्यांना पांडुरंग सदाशिव साने या नावाने ओळखत नाही. देशभक्त किंवा साहित्यिक हे शब्दही त्यांच्या नावामागे रूढ झाले नाहीत. तो त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखतो.

पस्तीस-पस्तीस वर्षे खडू झिजविलेले कितीतरी शिक्षक आपण पाहतो. ते प्रामाणिक असतात, विद्वानही असतात. परंतु निवृत्तीनंतर दोन वर्षांतच त्यांची ओळख पुसट होते. मग सहा वर्षांच्या नोकरीत असे काय घडले की, ती पदवी या माणसाला जन्मभर चिकटली? हा प्रश्न मला काही दिवस छळीत होता. गुरुजींचे चरित्र पुन्हा वाचताना त्याचे एक उत्तर मला मिळाले. त्यांचे खरे शिकविणे तासाची घंटा वाजून गेल्यावर सुरू होत असे. आज ज्याला आपण अभ्यासेतर उपक्रम असे जरा परकेपणाने म्हणतो, तेच त्यांच्या शिक्षणाचे मुख्य अंग होते. या एका दृष्टीने त्यांचे जीवन माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड नावाचे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. घराणे खोतांचे, परंतु वडील सदाशिवरावांच्या काळात खोतीचे वैभव ओसरले आणि घरात दारिद्र्य आले. वडील स्वदेशीचे अभिमानी होते. आई यशोदाबाई हिच्याविषयी मी वेगळे काही सांगावे असे नाही; मराठी घराघरांत ती ‘श्यामची आई’ म्हणून नांदते आहे. परंतु त्या पुस्तकाकडे आपण बहुधा डोळ्यांत पाणी आणून पाहतो, आणि त्यामुळे त्यातली एक साधी गोष्ट नजरेआड होते. ही माऊली मुलाला सतत काहीतरी करावयास लावते. पाण्याला भिऊन लपणाऱ्या मुलाला ती प्रसंगी मार देऊन विहिरीवर पोहावयास पाठविते. पत्रावळ लावता येत नाही, तर ती शिकल्यावाचून सुटका नाही, असे त्याला बजावते. झाडांना पाणी घालणे, मुक्या जनावरांची काळजी घेणे, घरकामाला हात लावणे, यांतले एकही काम शाळेच्या पुस्तकात नव्हते. त्या मुलाचा पिंड मात्र त्यातूनच घडत होता. त्यांच्या आईने शिक्षणशास्त्र वाचलेले नव्हते. पण हात, पाय आणि मन एकाच वेळी शिकले पाहिजेत, हे तिला उपजतच ठाऊक होते.

प्राथमिक शिक्षणानंतर हा मुलगा दापोलीच्या मिशनच्या इंग्रजी शाळेत गेला. पालगड ते दापोली ही वाट पायाखालची. सुटीच्या दिवशी घरची ओढ लागली की डोंगरातून चालत निघावयाचे आणि परत चालत यावयाचे. याच वयात त्याला कवितेचा नाद लागला. पाठांतर अफाट होते, आणि स्वतःही तो पद्ये जुळवू लागला. पुढे घरची परिस्थिती आणखी खालावली. शिक्षण स्वस्तात व्हावे म्हणून तो औंध संस्थानात गेला. तेथे हाताने रांधून खाण्याचे आणि कधी अर्धपोटी राहण्याचे दिवस त्याने काढले. तेथूनही निघावे लागले, तेव्हा त्याने पुण्यात नूतन मराठी विद्यालयात प्रवेश घेतला. १९१७ मध्ये आई गेली. तिचे अखेरचे दर्शनही त्याला घडले नाही. हे दुःख त्यांच्या काळजात कायमचे रुतून बसले आणि पुढे शेकडो मुलांच्या वाट्याला ममता होऊन आले.

१९१८ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्यांनी न्यू पूना कॉलेजात प्रवेश घेतला. हेच आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. १९२२ मध्ये ते बी. ए. झाले. श्रीमंत प्रतापशेठ यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. तेथे राहून अध्ययन करण्याची संधी त्यांना मिळाली आणि पुढे ते एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. झालेला तरुण म्हणजे मोठी गोष्ट होती. कोठे प्राध्यापकी किंवा सरकारी हुद्दा मिळविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु तत्त्वज्ञानाच्या चर्चेत त्यांचे मन रमले नाही. त्यांना मुले हवी होती. म्हणून जवळच असलेल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात त्यांनी शिक्षकाची नोकरी पत्करली. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली.

अमळनेर हे त्या वेळच्या पूर्व खानदेशातील बोरी नदीच्या काठचे गाव. कापडाची गिरणी, रेल्वेचे स्टेशन आणि भोवताली कापूस पिकविणारी काळी जमीन. आसपासच्या खेड्यांतली मुले शिकावयास येत आणि शाळेच्या छात्रालयात राहत. छात्रालयाची जबाबदारी गुरुजींकडे आली. खेड्यातून आलेल्या मुलाचे पहिले काही महिने कसे जातात, हे आपल्यापैकी जे वसतिगृहात राहतात त्यांना मी सांगावयास नको. जेवण गळ्याखाली उतरत नाही, अंथरुणावर पडले की गाव आठवते, आणि वर्गात सर काय म्हणतात ते अर्धे कळते, अर्धे कळत नाही. अशा मुलांसाठी त्या काळी रेक्टर म्हणजे हजेरी घेणारा आणि दंड करणारा माणूस असे. गुरुजींनी ही कल्पनाच उलटी केली.

मुले बाहेर गेली की गुरुजी त्यांच्या खोल्यांत शिरत. पसरलेल्या वळकट्या गुंडाळीत, केर काढीत, पुस्तके नीट लावून ठेवीत. मळलेले कपडे दिसले तर ते स्वतः धूत. कोणी आजारी पडला, तर रात्र त्याच्या उशाशी काढीत. एखाद्या गरीब मुलाची फी थकली, तर ती त्यांच्या पगारातून जाई. सुरुवातीला काही मुलांना याची गंमत वाटली असेल. काहींनी फायदाही घेतला असेल. मुलेच ती! परंतु आपली चादर आपल्या शिक्षकाने घडी करून ठेवली आहे, हे रोज पाहून कोणता मुलगा फार दिवस निवांत राहील? उपदेश झाला नाही, शिक्षा झाली नाही आणि खोल्या मात्र स्वच्छ राहू लागल्या. आपण ज्याला आज श्रमदान किंवा स्वच्छता सप्ताह म्हणतो, त्यात आणि यात एक महत्त्वाचा फरक आहे, असे मला वाटते. सप्ताहात विद्यार्थी झाडू मारतात आणि शिक्षक उभे राहून पाहतात. छायाचित्रापुरता एखादा झाडू पाहुण्यांच्या हातात दिला जातो. अमळनेरला झाडू आधी शिक्षकाने उचलला, तोही कोणी पाहत नसताना.

या छात्रालयातला दुसरा उपक्रम मला त्याहूनही मोलाचा वाटतो. तो म्हणजे ‘छात्रालय दैनिक’. हे दैनिक छापलेले नव्हते; हाताने लिहिलेले होते. मुले उठण्यापूर्वी, पहाटे, गुरुजी कागद पुढे ओढीत आणि त्या दिवसाचा अंक लिहून काढीत. त्यात देशातल्या घडामोडी असत, जगातल्या थोर माणसांच्या हकीगती असत, कविता असत, आणि छात्रालयात काल काय चांगले घडले व काय चुकले, त्याविषयीही चार शब्द असत. सकाळी मुले तो अंक वाचण्यास गर्दी करीत. साक्षात आपल्याविषयी, आपल्या खोलीविषयी, आपल्या शिक्षकाच्या हस्ताक्षरात कागदावर काही आले आहे, या कल्पनेचे त्या वयातील मुलांना किती अप्रूप वाटले असेल!

या दैनिकाचा आणि परीक्षेचा काडीचाही संबंध नव्हता. त्याला गुण नव्हते, बक्षीस नव्हते, कोणी तपासनीस ते पाहावयास येणार नव्हता. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याने जे केले ते वर्गातला तास करू शकत नव्हता. खेड्यातल्या ज्या मुलाच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हते, त्याला जग रोज दारात येऊन भेटले. वर्गात सर्वांत मागे बसणारा मुलगाही तेथे पहिल्या रांगेत उभा राहून वाचू शकत होता, कारण तेथे पहिला नंबर आणि शेवटचा नंबर अशी भानगडच नव्हती. शिवाय, लिहिणे म्हणजे परीक्षकासाठी उत्तरे काढणे नव्हे, ते जिवंत माणसांसाठी असते, ही गोष्ट मुलांनी रोज डोळ्यांनी पाहिली. भाषेच्या शिक्षणातली ही पहिली पायरी आहे; आणि दुर्दैवाने आमच्यापैकी पुष्कळजण पदवी घेईपर्यंत तिच्यावर पाय ठेवीत नाहीत.

छात्रालयाच्या भिंतींमध्ये सुरू झालेली ही लेखनाची हौस तेथेच थांबली नाही. १९२८ मध्ये गुरुजींनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक काढले. जे आपल्या छात्रालयातल्या मुलांना द्यावयाचे, तेच इतर गावच्या मुलांनाही मिळावे, ही त्यामागची भावना. परंतु लवकरच देशात वादळ उठले. १९३० मध्ये महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. पुस्तकांतून देशप्रेम शिकवावयाचे आणि स्वतः शाळेच्या सावलीत बसून राहावयाचे, हे गुरुजींना मानवले नाही. त्यांनी राजीनामा दिला, मुलांचा निरोप घेतला आणि ते चळवळीत उतरले. त्याच वर्षी त्यांना पहिला कारावास घडला.

येथून पुढे गुरुजींचे जीवन शाळेपासून दूर गेले, असे वरवर पाहता वाटते. मला मात्र असे दिसते की, छात्रालयात लागलेल्या सवयीच पुढे प्रत्येक ठिकाणी त्यांच्या उपयोगी पडल्या. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथेच विनोबाजीही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ही अठरा प्रवचने गुरुजींनी बोलता बोलता टिपून घेतली. आज भारतातल्या अनेक भाषांत गेलेली ‘गीताप्रवचने’ आपल्या हाती आहेत, ती या लेखणीमुळे. एवढ्या वेगाने, एवढ्या अचूकपणे दुसऱ्याचा विचार कागदावर उतरविण्याचा हा सराव कोठे झाला होता? मला वाटते, भल्या पहाटे मुलांसाठी दैनिक लिहिणाऱ्या हाताला तो आधीच झाला होता.

‘श्यामची आई’चेही तसेच. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी या पुस्तकाचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या पुस्तकाची रचना आपण कधी नीट पाहिली आहे काय? त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना गोष्ट सांगतो, आणि प्रत्येक रात्री एक गोष्ट होते. दिवसभराची कामे आटोपल्यावर भोवती मुले गोळा करून सांगितलेली गोष्ट, असेच या पुस्तकाचे स्वरूप आहे. ते तर छात्रालयातल्या संध्याकाळचेच स्वरूप! मराठीतले एक अजरामर पुस्तक वर्गाबाहेरच्या गप्पागोष्टींच्या साच्यातून निघाले, हे गॅदरिंग आणि कथाकथन यांना वेळेचा अपव्यय समजणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात असताना त्यांचा दाक्षिणात्य सोबत्यांशी सहवास घडला. तेथे ते तमिळ शिकले. आपल्याच देशातल्या भाषा आपल्याला परक्या असाव्यात, याची खंत त्यांना लागून राहिली आणि त्यातूनच पुढे आंतरभारतीची कल्पना जन्मास आली. एका प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तेथल्या घरांत राहावे, तेथली गाणी म्हणावीत, अशी ती कल्पना. हेही शेवटी वेळापत्रकाबाहेरचेच शिक्षण होय.

१९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली. दलप्रमुख होते एस. एम. जोशी, तरुणांना आणि मुलांना ओढून आणणारी शक्ती मात्र गुरुजींची होती. शाळा सुटल्यावर मैदानावर भरणारी शाखा, कवायत, खेळ, गाणी आणि बौद्धिके, असा सेवा दलाचा कार्यक्रम असे. त्यातूनच कलापथक उभे राहिले. वसंत बापटांसारखा कवी त्यात गाणी लिहीत होता. पुढे रंगभूमी आणि चित्रपट गाजविणारे निळू फुले हेदेखील सेवा दलाच्या कलापथकातूनच पुढे आले. कवायतीला आणि कलापथकाला जाणाऱ्या मुलाला घरी बोलणी खावी लागत असतील, यात मला शंका नाही. परंतु महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला त्या मैदानांनी किती माणसे दिली, याचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत सापडणार नाही.

या कलापथकाचे सामर्थ्य १९४७ मध्ये सिद्ध झाले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. ज्या देवाला संतांनी दीनांचा कैवारी म्हटले, त्याच्याच दारात माणसांना अडविले जात होते. गुरुजींनी उपोषणाचा निर्धार केला. पण त्याआधी ते गावोगाव हिंडले. सेवा दलाच्या मुलांनी पोवाडे आणि गीते गाऊन लोकांची मने नांगरली. जी गोष्ट कायद्याने एका दिवसात लादता आली असती, तीच लोकांनी आपल्या मनाने मान्य करावी, हा गुरुजींचा आग्रह होता. १ मे १९४७ रोजी त्यांनी उपोषण सुरू केले आणि दहा दिवसांनी, मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाल्यावर ते सोडले. शाळाबाहेरच्या वेळेत गाणी बसविणाऱ्या मुलांचा त्या विजयात वाटा होता. नाचगाणी म्हणून ज्यांची हेटाळणी होते, त्यांतून समाजाचे मन पालटू शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

स्वातंत्र्य आले, परंतु फाळणीच्या रक्तपाताने आणि पुढे गांधीजींच्या हत्येने गुरुजी आतून हादरून गेले. त्या हत्येचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी १९४८ च्या फेब्रुवारीत एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. लेखन चालूच होते, दौरे चालू होते. परंतु मन थकले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. चरित्र सांगताना पुष्कळजण ही गोष्ट ओझरती सांगतात किंवा गाळतात. मला तसे करणे बरे वाटत नाही. शेकडो मुलांच्या उशाशी रात्र रात्र बसलेला हा माणूस अखेरीस आपल्या दुःखाजवळ एकटाच होता, याची चुटपुट आपणा सर्वांना लागून राहिली पाहिजे. त्यांच्यापासून शिकावयाचे ते त्यांच्या जगण्यापासून. आणि आपल्या शेजारच्या खोलीतला एखादा मित्र गप्प गप्प राहू लागला, तर त्याचे दार ठोठावावे, हेही त्या छात्रालयाचेच शिक्षण आहे.

त्यांच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि ती शाळाशाळांतून पसरली. मुलांना गोष्टी सांगावयाच्या आणि मुलांकडून सांगवून घ्यावयाच्या, एवढेच तिचे काम. गुरुजींचे याहून योग्य स्मारक मला तरी सुचत नाही.

आता थोडे आजच्याविषयी. हे सगळे ऐकावयास छान आहे, पण मुलांच्या अभ्यासाचे काय, असे कोणी विचारील. हा प्रश्न मला परका नाही. माझी धाकटी बहीण यंदा दहावीत आहे. गेली दोन वर्षे ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून शाळेत दर पंधरवड्याला एक भित्तिपत्रक लावीत असत. गावातल्या जुन्या विहिरींची माहिती, बाजारभाव, कोडी, एखादी कविता असे त्यात काय काय असे. दहावीचे वर्ष लागताच शाळेने ते बंद करण्यास सांगितले. त्या शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. कारण थोड्याफार फरकाने सर्वत्र हेच चालते. अण्णांनाही शाळेचे म्हणणे पटले. वर्षभर कळ सोस, पुढे काय हवे ते कर, असे ते तिला म्हणू लागले. ती रडली नाही, भांडली नाही. मात्र गप्प झाली. तेव्हा मी अण्णांना एवढेच दाखविले की, तिची निबंधाची वही आणि तिचे भित्तिपत्रक शेजारी ठेवून वाचा. निबंध गाईडातून उतरविल्यासारखा होता. भित्तिपत्रकातले विहिरींवरचे टिपण तिचे स्वतःचे होते. त्यासाठी ती चार म्हाताऱ्या माणसांशी बोलली होती, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले होते. अण्णा शेतकरी माणूस. लेखनाची परीक्षा त्यांना नाही. पण कोणते बियाणे रुजले आहे, हे त्यांना कळते. शेवटी घरी असे ठरले की, शनिवारी दुपारी दोन तास तिचे. भित्तिपत्रक आता शाळेत नव्हे, आमच्या ओट्यावरच्या भिंतीला लागते, आणि गल्लीतली पोरे ते वाचतात. तिचा निकाल काय लागेल ते मार्चनंतर दिसेलच. परंतु ती पुन्हा बोलू लागली आहे, हा निकाल मला आजच मिळाला आहे.

मी असे मुळीच म्हणत नाही की, अभ्यास बाजूला ठेवून नाटके करीत हिंडावे. गुरुजी स्वतः एम. ए. झालेले, आयुष्यभर वाचीत राहिलेले गृहस्थ होते. छात्रालयातल्या मुलांचा अभ्यास बुडावा, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसते. माझे म्हणणे एवढेच की, या दोन गोष्टींत आपण जी भिंत घातली आहे ती खोटी आहे. शासनालाही हे आता पटलेले दिसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत कडक विभागणी नसावी, असे म्हटले आहे. आपल्या पदवी अभ्यासक्रमातही क्रीडा, सांस्कृतिक कार्यक्रम, राष्ट्रीय सेवा योजना यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. अनेक मुलांना, विशेषतः ज्यांच्या घरून परवानगी मिळत नव्हती अशा मुलींना, यामुळे दार उघडले आहे.

मात्र एक भीती मला वाटते, आणि ती गुरुजनांपुढे नम्रपणे मांडतो. उपक्रमाला श्रेयांक आले की फाईल येते, फाईल आली की छायाचित्रे येतात, आणि हळूहळू उपक्रम फाईलसाठीच होऊ लागतो. वृक्षारोपणाचा खड्डा दर वर्षी तोच राहतो. रोपटे मात्र नवे! वर्गात जो रोग होता, तोच मग मैदानावर येतो. ‘छात्रालय दैनिक’ रोज निघाले, कारण ते कोणाला दाखवावयाचे नव्हते, मुलांना द्यावयाचे होते. आणि ते टिकले, कारण एक शिक्षक त्यात स्वतः बुडालेला होता. उपक्रमाचा लाभ विद्यार्थ्याला व्हावयाचा तर त्यात शिक्षकाचा हात लागला पाहिजे. नुसती सही पुरत नाही. हे आपल्या महाविद्यालयातल्या काही अध्यापकांनी आम्हांला दाखवूनही दिले आहे, म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या जूनपासून आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहाबाहेर रोज एक हस्तलिखित पान लागावे. आठवड्याचे सहा दिवस सहा जणांनी वाटून घ्यावेत. एक दिवस एखाद्या प्राध्यापकांनी घ्यावा. त्याला श्रेयांक नसावा, प्रमाणपत्र नसावे, उद्घाटनाचा समारंभही नसावा. बातमी असेल, एखाद्या पुस्तकाची ओळख असेल, मेसमधल्या भाजीविषयी प्रामाणिक मत असेल. कागद आणि शाई यांचा खर्च मी आणि माझ्या खोलीतल्या मित्रांनी उचलण्याचे ठरविले आहे. सोमवारचे पान मी लिहीन. बाकीचे दिवस अजून मोकळे आहेत.